कापीव अक्षरांची विचारपूस

मागील अंकातील या सदरात, कात्रीने किंवा पात्याने कागद कापून तयार केल्यासारख्या दिसणाऱ्या ठळक व खेळकर शीर्षक-अक्षरांविषयी थोडेसे लिहिले होते. त्यावर खानदेशातून बरीच पत्रे आली. फलक रंगवणारे, पाकिटे छापून घेणारे, शाळेत शिकवणारे आणि स्वतःचा फाँट तयार करू पाहणारे असे निरनिराळे वाचक त्यांत आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सोयीसाठी या अक्षरांना मी ‘कापीव अक्षर’ असे म्हणतो.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत बालआनंद मेळावा आहे. फलकासाठी सहकाऱ्यांनी संगणकावरचा एक जाड, ओबडधोबड कापल्यासारखा फाँट सुचवला आहे. हस्ताक्षरासारख्या फाँटपेक्षा हा वेगळा कसा, आणि मुलांच्या फलकाला तो शोभेल का?
— एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : शोभेल, आणि चांगलाच शोभेल. मात्र तो का शोभतो हे समजून घेतले, तर फलकाची मांडणीही आपोआप सुधारेल.

बोरूने किंवा कुंचल्याने लिहिताना अक्षराची रेघ एका झटक्यात उमटते आणि तिची जाडी हत्याराच्या टोकावरून ठरते. कागद कापताना मात्र रेघ अशी नसतेच, तेथे असतात त्या दोन कडा. एक कड आधी कापली जाते, दुसरी नंतर, आणि हात यंत्र नसल्यामुळे त्या दोन कडा कधीच पूर्णपणे समांतर जात नाहीत. म्हणून कापीव ‘ग’चा काना वर रुंद आणि खाली किंचित निमुळता होतो, किंवा नेमके उलटे होते. गोलाई कापताना उजव्या हातातली कात्री जवळजवळ स्थिर राहते आणि डावा हात कागद फिरवत जातो. कागद फिरवताना हात जेथे क्षणभर थांबतो तेथे बारीकसा कोन राहतो, आणि त्यामुळे वाटोळे वळण तीन-चार आखूड सरळ कापांचे बनते. चांगल्या कापीव फाँटमध्ये हे कोन जपलेले असतात. त्याची सगळी गंमत या कोनांत आहे.

अशा अक्षरांचा छापखान्यातला इतिहासही जुना आहे. जर्मनीत ऑफेनबाख येथील क्लिंगस्पोर या छपाईचे खिळे ओतणाऱ्या टंकशाळेसाठी रुडोल्फ कोख यांनी १९२३ मध्ये ‘नॉयलांड’ हा टंक, म्हणजे छपाईचा अक्षरसंच, तयार केला, तेव्हा आधी कागदावर आराखडे न काढता त्यांनी धातूच्या ठशांवर थेट अक्षरे कोरली. त्यामुळे त्या टंकाच्या प्रत्येक आकारातले अक्षर दुसऱ्या आकारातल्या त्याच अक्षराहून थोडे निराळे आहे. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेत फ्रीमन क्रॉ यांचा ‘अ‍ॅड लिब’ हा टंक आला. त्यात काही अक्षरांचे एकाहून अधिक नमुने दिलेले होते, म्हणजे शब्द जुळवताना तेच अक्षर पुन्हा आले तरी त्याचा तोंडवळा बदलता यावा. आपल्याकडे मराठी नाटकांची नावे कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षे हाताने घडवली. त्यांच्या जाहिराती ज्यांनी वृत्तपत्रांतून पाहिल्या आहेत, त्यांना शब्दाचा स्वभाव अक्षराच्या जाडीत कसा उतरतो हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या फलकाविषयी. फाँट वापरायला हरकत नाही, परंतु वेळ असेल तर अक्षरे मुलांनाच कापू द्यावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. कार्डशीटवर पेन्सिलीने अक्षराची फक्त चौकट आखून द्यावी, अक्षर काढून देऊ नये. मुले ‘ब’ किंवा ‘व’ कापताना आतल्या पोटाशी अडतात, कारण कात्रीचे टोक आत शिरवायला जागा नसते. बहुतेक मुले मग बाहेरच्या कडेतून एक सरळ काप देऊन आत जातात, पोट कापून काढतात आणि त्याच वाटेने बाहेर येतात. अक्षर चिकटवल्यावर तो काप केसासारख्या बारीक रेघेने दिसत राहतो. तो झाकू नये. ज्याने ते अक्षर कापले त्याला ती वाट दुरूनही ओळखता येते, आणि मेळाव्याच्या दिवशी तो आईचा हात धरून तिला फलकापाशी आणतो. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

उंचीबाबत फलक रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा आहे की, दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची किमान एक इंच असावी. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे मी हे माप दीडपट धरतो. फाटकापासून फलक चाळीस फुटांवर असेल, तर मूळ अक्षर सहा इंचांहून लहान नसावे.

प्रश्न : मी अक्षरजुळणी आणि फ्लेक्सचे काम करतो. एका कार्यक्रमाच्या फलकासाठी जाड, कापल्यासारखा फाँट वापरला, तर ‘धुळे’ हा शब्द लोकांनी ‘घुळे’ असा वाचला. शिवाय छापून आल्यावर काही जोडाक्षरे तुटलेली होती. दोष फाँटचा की माझा?
— एक व्यावसायिक, धुळे

उत्तर : पहिला दोष फाँटचा आहे, दुसरा बहुधा फाईल पाठवण्याच्या पद्धतीचा.

देवनागरीत काही अक्षरांची ओळख शिरोरेषेतल्या एका लहानशा खंडावर उभी असते. ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या डाव्या अंगावर शिरोरेषा नसते, ती फक्त उजवीकडे कान्यावर असते. ‘घ’, ‘म’ आणि ‘य’ यांच्यावर ती पूर्ण असते. नेहमीच्या मजकुराच्या टंकात हा खंड स्वच्छ दिसतो. अक्षर जाड झाले की डावीकडचा वळसा फुगतो, शिरोरेषा खाली उतरते आणि खंड बुजतो. मग धुळ्याचे ‘घुळे’ होते, भुसावळचे ‘मुसावळ’ होते, आणि फारुकी राजांची जुनी राजधानी असलेले थाळनेर ‘याळनेर’ होऊन बसते. माझ्या हातूनही असा फलक एकदा गेला आहे. ग्रंथालयाच्या कार्यक्रमाचा होता, आणि लावल्यानंतर रस्त्याच्या पलीकडून पाहिला तेव्हा चूक दिसली. तेव्हापासून कोणताही जाड फाँट हाती आला की मी आधी ही तीन गावे टाइप करून पाहतो. खंडाची रुंदी अक्षराच्या जाडीच्या निम्म्याहून कमी दिसली, तर तो फाँट शीर्षकासाठी घेत नाही.

यात आणखी एक खोच आहे. खेळकरपणा यावा म्हणून अक्षरे वर-खाली नाचवतात आणि एकमेकांना चिकटवतात. तसे करताना ‘लाभ’सारख्या शब्दात आधीच्या कान्याची शिरोरेषा ‘भ’च्या मोकळ्या जागेवर सरकते आणि ‘लाम’ असा भास होतो. म्हणजे फाँट चांगला असूनही जुळणीमुळे अर्थ बिघडतो. रोमन लिपीत अक्षरे सुटी उभी असतात, म्हणून ती कशीही उड्या मारू शकतात. आपली अक्षरे एका रेषेला लटकलेली असतात. मला स्वतःला तोरणाची रीत सर्वांत पसंत आहे. शिरोरेषेची एक सलग पट्टी जवळजवळ सरळ ठेवावी, आणि तिच्याखाली आंब्याच्या पानांसारखी अक्षरे कमी-जास्त लांबीची, थोडी तिरपी सोडावीत. प्रत्येक अक्षराला स्वतंत्र टोपी घालण्याची रीतही चालते, पण ती दोन-तीन अक्षरी शब्दांपुरतीच. शिरोरेषा पूर्णपणे काढून टाकलेली अक्षरे गुजरातच्या सीमेलगत राहणाऱ्यांना अनोळखी वाटणार नाहीत, तरीही मराठी मजकुरात वर सांगितलेल्या जोड्यांचा घोटाळा त्यामुळे वाढतो.

जोडाक्षरे तुटण्याचे कारण असे की, आपल्या संगणकावर असलेला फाँट छापणाऱ्याच्या संगणकावर नव्हता, किंवा त्याच्याकडची कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती युनिकोड मराठी नीट जुळवत नव्हती. म्हणून फाईल नेहमी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकारांत रूपांतर करून, पाठवावी आणि मूळ प्रत स्वतःजवळ वेगळी ठेवावी, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरातले शुद्धलेखन नंतर सुधारता येत नाही. फाँट घेतानाच ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द टाइप करून पाहावा. ‘ऱ्या’ नीट न उमटता पाय मोडका ‘र’ दिसला, तर तो फाँट मराठीचा विचार करून केलेला नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात का, हेही त्याच वेळी पाहावे. काही फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत.

प्रश्न : आमचा केळीच्या वेफर्सचा घरगुती उद्योग आहे. पाकिटावर सगळा मजकूर अशा खेळकर अक्षरात छापला तर ग्राहकाचे लक्ष वेधले जाईल का?
— एक उद्योजिका, सावदा

उत्तर : नाव त्या अक्षरात छापावे, सगळा मजकूर नव्हे. घटक, वजन, किंमत, तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक या गोष्टी ग्राहकाला शोधाव्या लागता कामा नयेत. त्यांच्यासाठी ‘मुक्त’सारखा साधा, स्वच्छ फाँट घ्यावा. तो विनामूल्य मिळतो आणि त्याच्या सात जाड्या उपलब्ध आहेत.

नावापुरते बोलायचे तर वेफर्सच्या पाकिटाला कापीव अक्षर विशेष मानवते, आणि त्याचे कारण पाकिटाच्या आकारात आहे. आत हवा भरलेली असल्यामुळे पाकीट फुगते, कडांना सुरकुत्या पडतात, आणि तेथे येणारे अक्षर वाकते. रेखीव, सरळ कडांचे अक्षर अशा ठिकाणी लगेच बिघडलेले दिसते. कापीव अक्षराच्या कडा मुळातच सरळ नसतात, त्यामुळे सुरकुती त्यात सामावून जाते. नाव चार-पाच अक्षरांचे असावे आणि पाकिटाच्या मधल्या दोन-तृतीयांश भागात बसावे.

छापणारा आपल्याला अक्षराला सावली, चकाकी, उठाव आणि सोनेरी कड देऊ करील. कृपया यांतले काहीही घेऊ नये. हे अक्षर म्हणजे कागदाचा सपाट तुकडा आहे, आणि तो सपाट दिसला तरच कात्रीची कड डोळ्यांना जाणवते. कच्च्या केळ्याचा हिरवा आणि तळलेल्या चकतीचा पिवळा, एवढे दोन सपाट रंग पुरेत.

मालाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर मात्र वेगळी युक्ती सुचवतो. कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर पत्र्याच्या साच्यातून उमटवलेली अक्षरे आपण पाहिली असतील. साच्यात ‘ब’चे पोट सुटून पडू नये म्हणून पत्र्याची एक बारीक पट्टी जागेवर ठेवलेली असते, आणि ती अक्षरात फटीसारखी उमटते. पाकिटावरच्या नावात तशा फटी देऊन तोच साचा करवून घेतला, तर खोक्यावर ब्रशने नाव उमटवता येईल, आणि पाकीट व खोके एकाच घरचे दिसतील. दर खेपेस खोके छापून घेण्याचा खर्चही वाचेल.

प्रश्न : होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या निमित्ताने आमचे मंडळ एक भित्तिपत्रक काढणार आहे. छपाई करणाऱ्याने ‘आदिवासी लूक’चा म्हणून एक खडबडीत कापलेला फाँट दाखवला. तो घ्यावा का?
— युवक मंडळाचे एक कार्यकर्ते, तळोदा

उत्तर : घेऊ नये, आणि या उत्तराबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही.

वर ज्या ‘नॉयलांड’चा उल्लेख आला, त्याची पुढची कथा येथे सांगितली पाहिजे. ज्या माणसाने तो कोरला त्याच्या मनात आफ्रिका नव्हती, जंगलही नव्हते. परंतु पुढे पाश्चात्त्य देशांतल्या मुखपृष्ठांवर आणि जाहिरातींत आफ्रिका, अरण्य किंवा रानटीपणा दाखवायचा असला की तेच अक्षर वापरले जाऊ लागले. एका खंडातल्या शेकडो भाषा आणि लिप्या बाजूला सारून त्यांच्या नावाने एक जाडाभरडा ठसा मारला गेला. तो पाहिला की वाचकाच्या मनात माणसांऐवजी एक ठरावीक कल्पना उभी राहते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे वेगवेगळे समाज सातपुड्याच्या कुशीत आपापल्या बोली आणि आपापल्या रीती सांभाळत आहेत. त्यांच्या सणाला ‘खडबडीत म्हणजे आदिवासी’ असा वेष चढवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या घरच्या भिंतीवरची रेघ, दागिन्यांची घडण आणि ढोलाची बांधणी किती नेमकी असते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

कापीव अक्षर वापरायचेच असेल, तर ज्या पाड्यांवरून लोक बाजाराला येतात तेथल्या चार-सहा मुलामुलींना कागद आणि कात्री द्यावी व पत्रकाचे नाव त्यांच्याकडून कापून घ्यावे. ते छायाचित्र काढून जसेच्या तसे छापावे. नाव त्यांच्या बोलीत कसे म्हटले जाते हे विचारून तसेच लिहावे. अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी त्यांच्या उच्चाराप्रमाणे ठेवावी, आपल्या शुद्धलेखनाप्रमाणे नव्हे. दिवस, वेळ आणि ठिकाण साध्या ठळक अक्षरात द्यावे.

प्रश्न : मुलीच्या लग्नपत्रिकेत असे अक्षर चालेल का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : मुख्य पत्रिकेत नको. तेथे कुलदेवतेचे नाव, वडीलधाऱ्यांची नावे आणि मुहूर्त असतो, आणि त्या मजकुराला शांत अक्षर हवे. हळदीच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणाला, किंवा मुलगी आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी येईल तेव्हा झोक्याच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवलात तर त्याच्या कार्डाला, जरूर वापरावे.

प्रश्न : मी कलाशाखेचा विद्यार्थी आहे. स्वतः कापलेल्या अक्षरांचा देवनागरी फाँट तयार करायचा आहे. सुरुवात कोठून करू? तयार फाँटांपैकी कोणते पाहावेत?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : पाहण्यासाठी तीन सुचवतो. तिघेही विनामूल्य आणि खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे व्यवसायासाठीही वापरता येतात. ‘एक टाइप’ या फाँट तयार करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ पाहा. तो कापीव नाही, पण अत्यंत जाड अक्षराच्या पोटातली पोकळी केवळ बारीक रेघेएवढी ठेवूनही अक्षर कसे वाचता येते, हे त्यात शिकण्यासारखे आहे. त्याच संस्थेचा ‘बालू’ जाड असूनही मऊ आहे. ‘यात्रा वन’ हा मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. रंगाऱ्याच्या हाताचा तिरपेपणा टंकात आणताना काय राखले आणि काय सोडले, ते त्यात पाहता येईल.

कापायला बसाल तेव्हा पेन्सिल दूर ठेवावी. आधी रेखाटून मग रेघेवरून कापलेले अक्षर कापीव वाटत नाही, तो केवळ रेखाटनाचा बाह्याकार राहतो. काळा, मध्यम जाडीचा कागद घ्यावा. पातळ कागद कापताना वळतो, आणि फार जाड कागदावर कात्री घसरते. सर्व अक्षरांची उंची साधारण चार इंच ठेवावी. प्रत्येक अक्षर निदान तीनदा कापावे आणि एकही तुकडा टाकू नये. पुढे स्कॅन करून इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये बाह्याकार काढाल, तेव्हा कड ठरवणारे बिंदू कमीत कमी ठेवावेत. संगणकाने आपोआप काढलेल्या बाह्याकारात कागदाच्या तंतूंमुळे शेकडो बिंदू येतात. कडा थरथरत्या दिसतात, आणि अशा अक्षरावरून व्हिनाईल कापले तर प्लॉटरचे, म्हणजे कापणाऱ्या यंत्राचे, पाते अडखळते व बारीक टोके उचलली जातात. कात्रीने जेथे खरोखर कोन दिला तेथेच बिंदू ठेवावा.

मग फाँटफोर्ज या फाँट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळणीला लागावे. स्वर-व्यंजने पन्नासच्या आसपास असली तरी अर्धी रूपे, रफार, उकार आणि जोडाक्षरे धरून आकारांची संख्या काही शेंवर जाते. एवढ्याने धीर सोडू नये, कारण शीर्षकाच्या फाँटला विरळ जोडाक्षरे उशिरा आली तरी चालतात. काना मात्र आरंभीच पाच-सहा निरनिराळे कापून ठेवावेत. ‘चाळीसगाव’ हा शब्द पाहा. त्यात काना दोनदा येतो, आणि ‘च’, ‘स’, ‘ग’, ‘व’ यांचे उभे दंडही शेजारी आहेत. ते सगळे हुबेहूब एकसारखे दिसले, तर वाचकाला हे यंत्राचे काम आहे हे तत्काळ कळते. काना बदलत राहील असा नियम फाँटच्या आत लिहिता येतो, आणि माझ्या मते त्यावर घालवलेला एक आठवडा इतर कोणत्याही सजावटीपेक्षा जास्त कामी येईल.

पहिला शब्द म्हणून ‘खानदेश’ कापावा. त्यातला ‘ख’ आपली परीक्षा घेईल. त्याचा डावा भाग उजव्या भागाला खालून जोडला नाही, तर तो ‘रव’ असा वाचला जातो, आणि जाड कागदात ती जोड कापताना पहिल्या दोन-तीन वेळा तुटेलच. जोड तुटत असेल तर डाव्या भागाची शेपटी थोडी रुंद ठेवून कापावी आणि कात्री खालून वर न्यावी. जमलेले आणि तुटलेले असे दोन्ही ‘ख’ एका पाकिटात घालून मासिकाच्या पत्त्यावर पाठवलेत, तर पुढच्या अंकात त्यांची छायाचित्रे शेजारीशेजारी छापू.